कडू शेवट

ग्रिम्सबीत गुरुवारी साडेसहाला
चॅपलच्या वरच्या खोलीत वर्ग भरतो.
खाली कुणीतरी ऑर्गनचा एकच सूर तपासत बसलेलं असतं,
वर हीटर खोकतो,
आणि खुंटीवरच्या कोटांना हॅडॉकचा वास येतो,
हात लिंबानं कितीही चोळले तरी.

हिल्डा स्टॅमर्स, वय एकोणऐंशी, फळ्यावर लिहिते:
आज मी हवामानाच्या खाली आहे.
रिमांतास छताकडे बघतो.
'सगळेच असतात ना, मिसेस स्टॅमर्स?'
'अरे, कणकण आहे अंगात. एवढंच.
मरणासाठी वेगळी बादली आहे.'

आणि खरंच ती कोपऱ्यातल्या बादलीला लाथ मारते.
निळी, रिकामी, फरशी पुसायची बादली
गडगडत दारापर्यंत जाते.

'आमच्याकडे पाय झटकतात,' रिमांतास म्हणतो.
'लिथुआनियात मेलेला माणूस पाय झटकतो.'
'आमच्याकडे?' श्वान न्हाव्यानं वहीतून मान वर केली नाही.
'आमच्याकडे मेला म्हणायचे.
लढाई होती. सजवायला वेळ नव्हता.'

लेताय हसत होती, ती थांबली.
फॅक्टरीत परवा मुकादम तिला म्हणाला होता, मोजे वर ओढ.
ती वाकली. पांढऱ्या गमबुटातून
एक मोजा वर ओढला, मग दुसरा.
माशांच्या पट्ट्यावरचे सगळे हात थांबले,
सुऱ्यांसकट हसले.
तीही हसली, का ते कळण्याआधी.

आज तिच्याकडे वकिलाचं पत्र आहे,
चार घड्या घालून पाकिटात जपलेलं.
तुमच्या अर्जासाठी आम्ही कडू शेवटापर्यंत लढू.
'मला कडू नको,' लेताय म्हणते.
'गोड नाही तर नाही. अळणी चालेल.
पण हा म्हणतो, कडूच.'

हिल्डानं मिठाची गुळणी धरली.
(खिडकीतून गोदी दिसते. बर्फाचा जुना कारखाना,
काचा नसलेला.)
मग तिनं पडद्याची दोरी हातात घेतली.

'कडवटपणाचा संबंध नाही, बाळा.
बोटीवर नांगराचा दोर ज्या खुंटाला बांधतात
त्याचं नाव त्या कडू शब्दासारखं ऐकू येतं.
दोर सोडत जायचं. सोडत जायचं.
खुंटाकडचं टोक हाताला लागलं
की समजायचं, समुद्र अजून आहे,
दोर नाही.
लेन सांगायचा असं.
खरं-खोटं त्याला विचारायचं राहिलं.'

लेन कोण, हे कुणी विचारलं नाही.
तरी ती सांगत राहिली, दोरी बोटाला गुंडाळत:
कंपनीचा माणूस दारात आला, टोपी हातात.
म्हणाला, बोटीला उशीर झालाय, मिसेस स्टॅमर्स.
'मी इथलीच. आईच्या दुधातली भाषा.
आणि मी त्याला म्हटलं, बरं,
मग जेवण भट्टीतच ठेवते.
चार दिवस ठेवलं.
शेजारणीनं येऊन गॅस बंद केला.'

श्वान उठला. दारापाशी आडवी पडलेली बादली
त्यानं सरळ उभी केली,
मूठ एका बाजूला नीट पाडून.

'उशीर,' हिल्डा म्हणाली. 'लिहून घ्या.
हा पुस्तकात सापडणार नाही.'
तिघांनी लिहिलं. तीन लिप्यांत,
एक उजवीकडून.

साडेआठला बस-थांब्यावर वारा होता,
सगळे हवामानाच्या खाली.
पाटीवर केशरी अक्षरं फिरत होती:
नऊ नंबर, उशीर.
लेताय बराच वेळ वाचत राहिली.
मग वाकली,
आणि मोजे वर ओढले,
थंडी वाजत होती म्हणून.